थोरलीचं वय

गाठ आधी धाकटीच्या बोटांना लागली. खरारा करताना घोडीच्या पोटाखाली, खोगिराचा तंग आवळतात नेमक्या त्याच जागी, लिंबाएवढं काहीतरी हाताला आलं. तिने दाबून पाहिलं. घोडीने मागचा पाय उचलला आणि परत खाली ठेवला. लाथ मारली नाही, नुसती लाथेची आठवण करून दिली.

"अहो, जरा इकडे या."

नवरा अंगणात बसून खोगिराची उसवलेली शिवण दाभणाने घालत होता. तिथूनच म्हणाला, "गोमाशी चावली असेल."

"गोमाशी चावून लिंबू येतं?"

तेव्हा तो उठला. त्यानेही दाबून पाहिलं. घोडीने पुन्हा पाय उचलला. मग तो खोगिराकडे गेला, तंग हातात घेऊन त्याचा पट्टा बोटांवर ताणत उभा राहिला. भट्टी पेटायला दोन आठवडे राहिले होते.

घोडीला थोरली म्हणत. ते नाव नव्हतं, नातं होतं. ती या घरात लग्नाच्या दोन वर्षं आधी आली होती. नवी सून पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा सासूने आधी घोडीपुढे पाण्याची बादली ठेवली आणि मग सुनेला आत घेतलं. शेजारणी फिदीफिदी हसल्या, "ही थोरली आणि ही धाकटी!" त्याला तेरा वर्षं झाली. सुनेचं खरं नाव आता तिचं तिलाच अधूनमधून आठवायचं. तिची तक्रार नव्हती. सवत म्हणून थोरली बरीच बरी होती. टोमणे मारत नव्हती, रुसून माहेरी जात नव्हती, आणि सगळं घर तिच्याच पाठीवर चाललेलं होतं.

पाऊस संपला की वीटभट्टीचा हंगाम लागे. पटांगणात वाळलेल्या कच्च्या विटा जनावरांच्या पाठीवर लादून चढावरून भट्टीच्या तोंडाशी न्यायच्या, सात महिने, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा घोडा त्या चढावर आडवा झाला तो उठलाच नाही. अर्धा दिवस वाट बंद. मुकादमाला घोडा मेल्याचं वाईट वाटलं, पण वाटेत मेल्याचं जास्त. त्या दिवसापासून नियम झाला: पंधरा वर्षांवरचं जनावर भट्टीवर नको. ज्याचं वय बसेल त्याच्या तोंडावरच्या मोहरकीला नंबराचा पितळी बिल्ला.

त्या वर्षी थोरली सतराची होती. पुढच्या हंगामाच्या आधी ती नऊची झाली आणि तिला बिल्ला मिळाला. घोडीचं वय दातांवरून बघतात, आणि दात नालबंदाकडून करून मिळतात. आता कागदावर तिला दहावं लागलं होतं.

*

जनावरांच्या दवाखान्याला पत्र्याचं छप्पर होतं आणि पुढे मोठं आवार. आवारात लोखंडी पाइपांचा खोडा, त्यात जनावर उभं केलं की ते पुढे-मागे होत नाही. डॉक्टरीणबाई चार महिन्यांपूर्वी आली होती. तरुण, शिकून आलेली आणि शिकलेलं अजून न विसरलेली. तिच्या हाताशी एक कंपाउंडर होता. त्याला तिथे एकतीस वर्षं झाली होती आणि शिकायला लागू नये म्हणून त्याने बरीच काळजी घेतली होती.

डॉक्टरीणबाईने खाली बसून गाठ चाचपली.

"काढावी लागेल. वरून तंग बसला की फुटेल, फुटली की चिघळेल. आणि अशा अवघड जागी आहे की उभ्या घोडीची काढायची तर माझं डोकं तिच्या पायांत. पूर्ण गुंगी देऊन, आडवी करून काढू."

"काढा की," नवरा म्हणाला.

"दादा, इतकं सोपं नाही ते. घोड्याला झोपवणं सोपं असतं, उठवणं कठीण. कुत्र्यामांजरांपेक्षा घोडे गुंगीत जास्त दगावतात. रक्तदाब पडतो. उठताना धडपडून पाय मोडून घेतात. म्हणून आधी सगळं तपासायचं आणि एक ते पाच असा आकडा लिहायचा. एक म्हणजे धडधाकट."

"आणि पाच?" धाकटीने विचारलं.

"पाच म्हणजे कापलं तरी जाणार आणि नाही कापलं तरी जाणार."

धाकटीने घोडीची मोहरकी जरा घट्ट धरली.

डॉक्टरीणबाईने घोडीचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबलेली जागा पांढरी झाली, मग गुलाबी. "हे बघा ताई. दाबलं की रक्त सरतं, सोडलं की परत येतं. दोन म्हणायच्या आत आलं पाहिजे." मग छातीला नळी लावून ती बराच वेळ ऐकत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"एक ठोका गळतोय मधेच."

पण घोडीला आवारात चार फेऱ्या धावत फिरवून पुन्हा ऐकल्यावर आठी गेली. "ठीक आहे. स्वस्थ उभं असताना घोड्यांचा एखादा ठोका गळतो. धावल्यावर भरून येतो. चालायचंच."

चालायचंच असेल तर आधी कशाला सांगायचं, असं धाकटीच्या मनात आलं. पण शिकलेल्या माणसांना बोलता बोलता विचार करायची सवय असते.

मग दात. कंपाउंडरने सरावाने जीभ एका बाजूला ओढून तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईने बॅटरी मारली, पुस्तकातली चित्रं आठवल्यासारखं क्षणभर वर पाहिलं. "नऊ. फार तर दहा." कंपाउंडरही तोंडात डोकावला. मग त्याने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"छान राखलेत दात," तो म्हणाला आणि तोंड मिटवलं. घोडीचंही आणि आपलंही.

डॉक्टरीणबाई छापील कागद भरू लागली. "खोकला?"

"नाही."

"कामावर कधी पडली?"

"नाही."

"याआधी कधी गुंगीचं, शांत करायचं औषध दिलंय? त्याचा काही त्रास झाला?"

"नाही," नवरा म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आधीच त्याचं उत्तर येऊन उभं होतं.

धाकटी पेनाकडे बघत होती. पेनाने 'नाही' लिहिलं. खाली चौकोनात आकडा लिहिला: दोन.

नवऱ्याचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा झाला.

*

दिलं होतं. धाकटीनेच घोडीचं तोंड धरलं होतं.

गेल्या साली, नालबंदाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जागं जनावर कानस लावू देत नाही म्हणून नालबंदाने फळीवरून एक छोटी बाटली काढली. आत पिवळं पाणी, उन्हात धरलं की पारदर्शक दिसणारं. ते त्याने सुईत भरून मानेत टोचलं. थोड्या वेळाने थोरलीची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, तोंडातून लाळेची तार लागली. नालबंदाने कानशीने लांबलेले दात आखूड केले. मग तार लाल तापवून दातांत बारीक खड्डे जाळले. तरुण घोड्याच्या दातांत असे खड्डे असतात, वयाबरोबर ते झिजून जातात. हाड जळल्याचा वास शेडभर झाला. "बघ, सासरी आली तेव्हाची झाली," नालबंद हसत म्हणाला.

तो हसत असतानाच थोरलीचे पुढचे गुडघे दुमडले.

ती धाकटीच्या पायाशी कोसळली. हिरड्या राखेसारख्या झाल्या होत्या. नाकपुड्यांत माती जाऊ नये म्हणून धाकटीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ऊन दारातून ऐरणीवर आलं, ऐरणीवरून पलीकडे गेलं, तिच्या मांड्या बधिर झाल्या. नालबंद दर थोड्या वेळाने येऊन सांगून जायचा, "झोपलीय. दमली असेल." दुपार कलल्यावर थोरलीने उठायचा प्रयत्न केला आणि तोंडावर आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा चारी पाय चार दिशांना थरथरत होते.

चार दिवसांनी बिल्ला मिळाला. मग त्या दुपारबद्दल कोणीच काही बोललं नाही, आणि न बोललेली गोष्ट हळूहळू न घडलेली होते, तशी ती झाली.

*

औषध वजनावर ठरतं, म्हणून वजन नेमकं हवं होतं. दवाखान्यात छातीचा घेर मोजायची फीत होती, पण तिचं सुरुवातीचं वीतभर टोक एका शेळीने खाल्लं होतं. म्हणून थोरलीला भट्टीवरच्या गाड्यांच्या काट्यावर न्यावं लागलं.

मुकादम काट्याच्या खोलीत काडीने दात कोरत बसला होता. "विटा संपल्या का जगातल्या? घोडी तोलायला आणलीस?"

नवऱ्याने गाठीचं सांगितलं. मुकादम बाहेर आला, वाकला, गाठ पाहिली, थोरलीच्या पाठीवर थाप मारली. "काट्यावर तीनशे दहा किलो. पार खंगलीय. हे बघ, दोन-तीन आठवडे मी तिची जागा धरून ठेवतो. पण यंदा डॉक्टरचा दाखला हवा. वय आणि तब्येत, दोन्ही. मीही येतो त्या दिवशी. दाखला मिळाला तर बरंच. नाही मिळाला तर तिथल्या तिथे बिल्ला काढून घेईन, उगाच तुला हेलपाटा नको."

माणूस तसा दुसऱ्याची सोय बघणारा होता.

परत येताना धाकटीने नवऱ्याला पुढे जायला सांगितलं आणि ती नालबंदाच्या शेडकडे वळली. तो एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन रापीने तासत होता.

"त्या बाटलीत काय होतं?"

"कुठल्या बाटलीत?"

"पिवळ्या."

"माझ्याकडे तेल पिवळं, मलम पिवळं. तू कशाचं म्हणतेस?"

"दात केले तेव्हा टोचलंत ते. डॉक्टरीणबाई तिला झोपवणार आहेत. त्यांनी तेच टोचलं तर?"

नालबंदाने खूर खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "अगं, माझं कुणी तरी आणून दिलेलं. वर नावही धड नव्हतं. तिचं कॉलेजातलं. दोन्हींची भेट कशाला होतेय? आणि हे बघ धाकटे," त्याने आवाज खाली आणला, "भट्टीवरचे निम्मे दात माझ्या हातचे आहेत. तू तिथे तोंड उघडलंस तर निम्मी वस्ती तुझ्या दारात येऊन उभी राहील. मी नाही येणार. मी तोवर गाव सोडलेलं असेल."

मग त्याने पुन्हा खूर उचलला आणि रापी चालवू लागला. बोलणं संपलं होतं.

*

आदल्या संध्याकाळपासून थोरलीला चारा द्यायचा नव्हता. पाणी चालेल, गवताची काडीसुद्धा नको, असं बजावलं होतं. धाकटीने काथ्याचं मुसकं आणून तिच्या तोंडाला बांधलं. तेरा वर्षांत हे पहिल्यांदाच. थोरलीने दावणीत तोंड घातलं, मुसकं लाकडावर घासलं, मग वळून धाकटीच्या खांद्याला ढुशी दिली. एकदा, दोनदा. गैरसमज झाला असावा असं तिला वाटत होतं.

"दोन म्हणाली ना ती? पाचात दोन," नवरा म्हणाला. तो मघापासून तेच म्हणत होता.

"दोन त्या दहा वर्षांच्या घोडीचे. आपली घोडी तिने तपासलीय कुठे?"

"हळू बोल."

"अहो, हिरड्या आठवतात का तुम्हाला? राख झाल्या होत्या. तेव्हा नुसती सुई होती. उद्या पुरती झोपवणार."

"नालबंदाचा काय हात आणि डॉक्टरचा काय हात. ती वजन करून देणार." तो थांबला. मग एकदम चिडून म्हणाला, "सांग, सांग जाऊन! दात कोरले म्हणून सांग. बिल्ला जाईल. मग पाठीवर विटा तू वाहणार?"

धाकटीला उत्तर येत होतं. पण ते तोंडातून काढलं की खरं होईल, अशी भीती वाटली.

सासू कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. तिला आताशा कमी ऐकू यायचं, फक्त ऐकायचं नसलेलं सगळं ऐकू यायचं. ती म्हणाली, "एकच मुसकं आणलंस होय सूनबाई? घरात तिघांना कसं पुरायचं?"

*

सकाळी आवारात पेंढ्याचा जाड थर अंथरलेला होता. त्यावर ताडपत्री. बाजूला दोर. गुंगीत घशात काही अडकू नये म्हणून कंपाउंडरने नळीने थोरलीचं तोंड धुतलं. तंग नेमका कुठे बसतो ते बघायला डॉक्टरीणबाईने खोगीरही आणायला सांगितलं होतं. ते भिंतीशी ठेवलं होतं. मुकादम आला होता आणि त्याच्यासाठी आतून खुर्ची काढली होती. खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो बोलला की ती कुरकुरायची, न बोलला तरी कुरकुरायची.

धाकटी थोरलीचं तोंड धरून उभी होती. पेंढ्याकडे बघवत नव्हतं. अंथरूण फार नीट घातलेलं होतं.

डॉक्टरीणबाईने पुन्हा छाती ऐकली, हिरडी दाबली आणि कागद मोठ्याने वाचला. "वय दहा. वजन तीनशे दहा. खोकला नाही. पूर्वी गुंगीचं औषध नाही. काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही," नवरा म्हणाला.

कंपाउंडरने ट्रे आणला. डॉक्टरीणबाईने सुई उचलून उजेडात धरली, आतला हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणला.

आत पिवळं पाणी होतं.

धाकटीला पुढचं नीट आठवलं नाही. इतकंच कळलं, की तिचा पंजा थोरलीच्या मानेवर पसरलेला होता आणि सुईचं टोक त्या पंजापासून बोटभर अंतरावर थांबलेलं होतं.

"ताई! हात काढा! लागेल तुम्हाला!"

"पिवळं आहे ते."

"हो. पहिली सुई. शांत करायची."

"तिला ते दिलंय आधी." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "गेल्या साली. पडली होती. सकाळी पडली ती दुपार कलल्यावर उठली. हिरड्या राख झाल्या होत्या. दोन म्हटलं, दहा म्हटलं, तरी काही येत नव्हतं."

मुकादमाची खुर्ची कुरकुरायची थांबली.

"धाकटे," नवरा हलकेच म्हणाला.

"कशासाठी दिलं होतं?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

धाकटीने स्वतःच थोरलीचा ओठ वर केला. "दात कोरायला. ती दहाची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सहाची होती. मला तेरा वर्षं झाली. थोरली आहे ती."

डॉक्टरीणबाईने हातातल्या सुईकडे पाहिलं. मग तिला टोपण लावायला गेली. ते दोनदा चुकलं. "मी हे दिलं असतं," ती म्हणाली. मग पुन्हा, आणखी हळू, "मी हे दिलं असतं." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. "दादा, मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला!"

नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "मला वाटलं, तुमचं औषध वेगळं असेल."

"मला वाटलंच होतं," कंपाउंडर म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"दात. तार लावलेली आहे म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला तोंड धरायला सांगितलं होतं मॅडम. धरलं."

डॉक्टरीणबाईने कागद घेतला, 'नाही' खोडलं, दहा खोडून एकोणीस लिहिलं, आणि चौकोनातले दोन खोडून तिथे चार केले. पेन कागदात रुतलं.

"आडवी करायची नाही. ही झोपली तर उठायची नाही. पण गाठ तर काढायलाच हवी. उभ्या उभ्या करू. दुसऱ्या जातीचं औषध, अगदी थोडं. आणि गाठीभोवती बधिर करायचं."

"मघाशी म्हणालात, तुमचं डोकं पायांत..." धाकटी म्हणाली.

"हो. म्हणून दादा मागचा पाय धरतील. तुम्ही तोंड. आणि हिरडी तुमच्याकडे. मी विचारेन, तेव्हा दाबायची आणि मोजायचं."

"आणि ती बसलीच तर?"

"तर माझ्यावर बसेल." तिने बाह्या वर सारल्या. "म्हणून नीट मोजा."

मुकादम खुर्चीतून उठला. "दाखल्यावर काय येणार, बाई?"

"एकोणीस येणार."

त्याने खिशातून पक्कड काढली. ती तो घेऊनच आला होता. नवरा तोवर थोरलीचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरून वाकला होता, त्याला सोडताही येईना. धाकटीच्या गालाजवळ, मोहरकीच्या पट्ट्यावर, मुकादमाने पितळी बिल्ल्याची तार पीळ देऊन सोडवली. त्याच्या तोंडाला काडीचा आणि चहाचा वास येत होता. थोरलीने बिल्ला हुंगला. तिला खायला मिळणार आहे असं वाटलं.

"साहेब," कंपाउंडर उत्साहाने म्हणाला, "बाकीच्यांचे पण दात बघायचे का? तोंडं धरायला मी येतो."

भट्टीवरची सगळी जनावरं एकामागोमाग एक तोंड उघडून मुकादमाच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. "परवा भट्टी पेटायची आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मला कोणी काही सांगितलेलं नाही." बिल्ला खिशात टाकून तो फाटकाबाहेर गेला.

*

औषध गेलं. थोरलीची मान खाली येऊ लागली. तशीच, तितकीच, गेल्या सालासारखीच. खालचा ओठ लोंबला. धाकटीने तिचं डोकं खांद्यावर पेललं.

डॉक्टरीणबाई पोटाखाली शिरली. फक्त पाठ आणि चपला दिसत होत्या. "रंग?"

धाकटीने ओठ उचलला, दाबलं, सोडलं. "एक, दो... आला."

लोखंडी चिमट्यांचा आवाज. रक्ताचे थेंब ताडपत्रीवर टपटपत होते. नवऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता आणि त्याला पुसता येत नव्हता.

"रंग?"

"एक, दोन. आला."

एक माशी थोरलीच्या डोळ्यावर बसली. पापणी हलली नाही. धाकटीने फुंकर मारून ती उडवली.

"रंग?"

"एक. दोन." अंगठ्याचा ठसा पांढराच होता. "तीन." पुढचा डावा गुडघा जरासा पुढे आला. "चार. बाई, येत नाही!"

पोटाखालच्या चपला हलल्या नाहीत. तिथून बाहेर यायला वेळच नव्हता. "आवाज करू नका. पुन्हा दाबा," आतून आवाज आला. तो आवाज घाबरलेला होता, आणि धाकटीला का कोण जाणे, त्याने धीर आला. भिणारं माणूस खोटं बोलत नाही.

नवरा पाय छातीशी कवटाळून पुटपुटत होता, "थोरले, उभी राहा गं. उभी राहा. माझी चूक झाली. उभी राहा." तेरा वर्षांत त्याने हे वाक्य धाकटीपाशी कधी उच्चारलं नव्हतं.

गुडघा थरथरला. थांबला. मागे गेला.

"एक," धाकटी म्हणाली. "दोन. तीन..." आणि ठशाच्या कडेने गुलाबी रंग आत शिरताना तिला दिसला, सावकाश, पाण्यात रंग सोडल्यासारखा. "आला. आला बाई."

गाठ ट्रेमध्ये पडली. लिंबाएवढी म्हणत होते, ती कांद्याएवढी निघाली.

त्यानंतर दुपारपर्यंत कोणी तिथून हललं नाही. थोरली उभी होती. धाकटी तिच्या डोक्याखाली उभी होती. डॉक्टरीणबाई पायरीवर बसून हात धुवायचे विसरली होती. शेवटी थोरलीने कान हलवला, मान वर केली, आणि ताडपत्रीबाहेर आलेल्या पेंढ्याकडे पाहिलं. तो खायचा की झोपायचा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने तो खायला सुरुवात केली.

"नको, नको! अजून तासभर नको!" डॉक्टरीणबाई ओरडत धावली, आणि मग तिथेच उभी राहून रडली. कंपाउंडर सभ्यपणे दुसरीकडे बघू लागला. त्याला तो सराव होता.

निघताना खोगीर कोणी घ्यायचं हा प्रश्न आला. थोरलीच्या पाठीवर ते महिनाभर ठेवायचं नव्हतं. नवरा भिंतीपाशी गेला, पण तोवर धाकटीने ते उचलून डोक्यावर घेतलं होतं.

"दे इकडे."

"राहू दे. सवय करायला हवी."

मोकळ्या मोहरकीला धरून नवरा थोरलीला सावकाश चालवत राहिला, आणि धाकटी खोगीर घेऊन मागून.

*

भट्टी ठरल्या दिवशी पेटली. डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायकांची रांग लागली होती. धाकटी रांगेत होती. नवऱ्याला भट्टीच्या तोंडाशी विटा रचायचं काम मिळालं होतं, तो वर होता. मुकादमाने वही उघडली.

"नाव?"

"धाकटी लिहा."

"वय?"

धाकटीने ओठ वर करून दात दाखवले. "बघा ना तुम्हीच."

मागच्या बायका खिदळल्या. मुकादम हसला नाही. त्याने वर न बघता वहीत काहीतरी आकडा लिहिला. "जा. आणि चढावर चक्कर आली तर कडेला बस. वाटेत पडू नकोस."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. त्यावर आठ विटा चढल्या. मान खांद्यात रुतली, डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि गेलं. मग ती चढाला लागली. तिच्यापुढे एक लादलेला घोडा चालला होता, मोहरकीला पितळी बिल्ला. दात नवाचे, दम पंचविसाचा. दर दहा पावलांवर तो थांबायचा आणि त्याच्या बरगड्या आतबाहेर व्हायच्या. कडेने पुढे जायला जागा होती. पण तो थांबला की तीही थांबत होती, आणि मनात मोजत होती.